धुलाईवाल्या आपा

आपांना हळू बोलता येत नव्हतं. तसे मोठ्या आवाजाचे लोक आमच्या मराठवाड्यात गल्लोगल्ली सापडतात. पण आपांकडे येणारी माणसं म्हणजे मूल होत नाही म्हणून खालमानेनं आलेली जोडपी. त्यातही नवऱ्यात काही कमी आहे का हे बघायचं आणि असेल तर त्यावर उपाय करायचा, हे आपांचं खास काम. अशा ठिकाणी डॉक्टरनं कसं कानाशी लागून बोलावं. आपा आतल्या खोलीतून बोलायच्या, आणि बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्यांना कुणाचं काय कमी आहे ते समजायचं. समोरच्या पिठाच्या गिरणीत दळण चालू असलं तर तेवढाच आडोसा. गिरणीला सुट्टी असायची त्या वारी बाकावर एकही पुरुष दिसत नसे.

आपा रीतसर शिकलेल्या डॉक्टर होत्या. माहेर नांदेडचं, जुनं कापडवाल्यांचं घराणं. शिक्षण हैदराबादला झालं, आणि हे नवं काम त्या मुंबईला राहून शिकून आल्या होत्या. लग्नानं लातूरच्या झाल्या. त्यांचे मिस्टर शाळेत उर्दू शिकवायचे आणि घरी फार कमी बोलायचे. त्याचं कारण कुणाला विचारावं लागत नसे. दारावर आपांचं लांबलचक नाव आणि पदव्या लिहिलेली पाटी होती, पण ती कुणी वाचल्याचं मला आठवत नाही. रिक्षावाल्याला 'धुलाईवाल्या आपा' एवढं सांगितलं की तो आणून सोडायचा, आणि सोडताना आपल्याकडे जरा जास्त वेळ बघायचा.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं. उस्मानाबादहून आमची कपाटं आणि टेबलं ट्रकात घालून आणली होती, आणि कोणतं टेबल कोणत्या शाखेचं यावरून महिनोन्महिने भांडणं चालली होती. मी कलेक्टर कचेरीत कारकून. मला टंचाई शाखा मिळाली, म्हणजे टँकर. जिल्हा नवा होता पण पाऊस नव्हता, त्यामुळे नव्या जिल्ह्याचं पहिलं काम पाणी वाटायचं. एवढ्या लहान गावात हा दवाखाना कशाला काढला, असं मी पुढे ओळख झाल्यावर आपांना विचारलं. त्या म्हणाल्या, "जिल्हा झाला ना. जिल्ह्याला कलेक्टर लागतो, कोर्ट लागतं, तसं हेबी लागतं."

मी आणि माझी बायको शशिकला पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. शशिकला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, काही दोनदा झाल्या होत्या. लातूरजवळच्या मुरुडहून, आमच्या गावाहून, माझी आई दर महिन्याला कुठल्यातरी वैदूची मुळी पाठवायची, आणि शशी ती उगाळून प्यायची. आई सगळ्या गावात सुनेची खोट सांगत फिरायची. एका बारशाला शशीला कुणी पाळण्याजवळ येऊ दिलं नाही, तेव्हापासून तिनं बारशांना जाणंच सोडलं होतं. माझी तपासणी करायची असते हे मात्र आमच्या दोघांच्या घरात कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

आपांनी माझं नाव विचारलं.

"वाघमारे," मी म्हणालो.

"पूर्ण."

"उत्तम वाघमारे."

"मोठ्यानं सांग. चोरी करून राहिलास का?"

मी मोठ्यानं सांगितलं. नाव वदवून घ्यायचं हा त्यांचा कायदाच होता. बाटली देताना नाव, बाटली घेताना नाव, सुईच्या आधी नाव, आणि बायकोनंही नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बायका तिथं पदराचं टोक चावत बसायच्या, आणि आपा हाताची घडी घालून समोर उभ्या. एका माणसाची बाटली खोलीत असेपर्यंत दुसऱ्याची उंबऱ्याच्या आत येऊ द्यायच्या नाहीत. "एकाचं लेकरू दुसऱ्याच्या घरात गेलं तर मी अल्लाला काय तोंड दाखवू," म्हणायच्या. त्यांचं सगळं बोलणं थट्टेचं असायचं, पण एवढं मात्र त्या थट्टेनं बोलत नसत.

तर त्या दिवशी त्यांनी माझा नमुना काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग डोळा न काढताच बोलल्या.

"नाव उत्तम, आडनाव वाघमारे, आन् पोरं बघ कशी पडून हायत. जशी काय जत्रेहून आलीत."

शुक्राणूंना त्या पोरं म्हणायच्या. सगळ्यांच्याच. काचेखाली ती दिसली की त्यांच्याशी बोलायच्या, रागवायच्या, एखादं चपळ दिसलं तर शाबास म्हणायच्या. माझ्या पोरांना शाबासकी मिळाली नाही. "हायत, पण कमी हायत. आन् निम्मी नुस्ती जाग्यावर वळवळ करून राहिलीत. पुढं जायचं नाव न्हाई." मग त्या शशिकलेकडे वळल्या. "बेटा, तुझ्या सगळ्या तपासण्या बघितल्या मी. तुझ्यात काय बी खोट न्हाई. आजपासून कुणाची मुळी प्यायची न्हाई."

बाहेर गिरणी नेमकी तेवढ्यात थांबली होती. आम्ही बाहेर आलो तेव्हा बाकावरची माणसं माझ्याकडे दयेनं बघत होती. मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं. शशिकला रस्ता ओलांडून गेली आणि गुऱ्हाळाच्या बाकड्यावर बसली. म्हणाली, "मला रस प्यायचाय." तिनं एक ग्लास प्यायला, मग दुसरा मागितला. दुसरा अर्धा झाला आणि तिला हसू फुटलं. "जत्रेहून आलीत," असं म्हणत ती हसायची, पदरानं डोळे पुसायची आणि पुन्हा हसायची. इतकी वर्षं अंगावर घेतलेलं तिनं त्या बाकड्यावर उतरवून ठेवलं. मी शेजारी बसून रस प्यालो. तो मला कडू लागला.

आपांची धुलाई म्हणजे काय ते आता सांगायला पाहिजे, कारण त्यावरूनच त्यांचं नाव पडलं. पुरुषाचा नमुना आणायचा. तो जरा पातळ होऊ द्यायचा. मग त्यात मुंबईहून बर्फाच्या डब्यातून मागवलेलं औषधी पाणी मिसळायचं आणि नळी यंत्रात घालून हलकेच गरागरा फिरवायची. शुक्राणू तळाशी बसतात, वरचा गाळसाळ काढून टाकायचा. असं धुऊन झालं की त्यावर पुन्हा ताजं औषधी पाणी अलगद सोडायचं आणि नळी तिरपी करून उबेला ठेवायची. ज्यांच्यात दम आहे ते शुक्राणू तळातून पोहून वर येतात. तेवढा वरचा भाग घेऊन, बारीक नळीनं बायकोच्या गर्भाशयात सोडायचा. बाकी सगळा निसर्गाचा कारभार. आज मोठमोठी हॉस्पिटलं हे रोज करतात. तेव्हा लातुरात ते ऐकून माणसं तोंडावर हात ठेवायची.

"पोहून?" मी विचारलं. "आपा, मला स्वतःला पोहता येत नाही. आमच्या गावच्या विहिरीत पाणीच नसायचं."

"तेच दिसून राहिलं," आपा म्हणाल्या.

त्यांनी माझी तंबाखूची डबी खिडकीतून बाहेर फेकली. ती गिरणीवाल्यानं उचलली आणि पुढे बरीच वर्षं वापरली.

बाटली आणायची कशी, याचं त्यांचं एक भाषण होतं. आम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाला खोली घेऊन राहत होतो, तिथून दवाखान्यापर्यंत ती थंड होऊ द्यायची नाही. "काखेत धरायची. खिशात न्हाई, थैलीत न्हाई, डब्यात न्हाई. कोंबडी अंड्यावर बसते तशी काखेत. पाय उचलून यायचं, पण पळायचं न्हाई. घुसळून ताक करशील." हे सगळं त्या खोलीच्या दारात उभ्या राहून, स्वतःची काख दाबून, चालून दाखवायच्या. चांगल्या अंगापिंडाच्या बाई, पांढरा कोट, डोक्यावरून ओढणी, आणि एक हात अंगाशी घट्ट धरून बदकासारखी चाल. बाकावरचे नवे लोक हे बघून परत जायच्या बेतात असायचे.

पहिल्याच वेळी मी असा बाटली काखेत धरून निघालो आणि मागून जीप आली. जीपमध्ये आमचे साहेब. नायब तहसीलदार, पुण्याकडचे, नव्यानं बदलून आलेले, शुद्ध बोलणारे. त्यांना माझ्याकडून टँकरचं काहीतरी हवं होतं.

"वाघमारे, बसा आत."

साहेबांना नाही म्हणायची सोय नव्हती. बसलो. त्यांनी कागद पुढे केला तो मी डाव्या हातानं घेतला. पेन पुढे केलं तेही डाव्या हातानंच घेतलं.

"उजव्या हाताला काय झालं?"

"गळू आहे साहेब. काखेत."

साहेब फार दयाळू निघाले. त्यांना गळवांची बरीच माहिती होती. पोटीस कसं बांधावं, पिकल्यावर काय करावं, त्यांच्या मामांना कसं झालं होतं, हे सांगता सांगता त्यांनी ड्रायव्हरला जीप सरकारी दवाखान्याकडे वळवायला सांगितली. "चिरून घेऊ. असं दुखणं अंगावर काढायचं नसतं." माझ्या अंगाला घाम फुटला. काखेत एवढा घाम आला की बाटली निसटू लागली. लातूरचे रस्ते तेव्हा नव्या जिल्ह्याला शोभतील असे झाले नव्हते, प्रत्येक खड्ड्याला माझ्या मनात ताक घुसळलं जात होतं.

"साहेब, आमचे डॉक्टर ठरलेले आहेत. त्या पिठाच्या गिरणीसमोर सोडा."

साहेब बोलायचे थांबले. गिरणीसमोर, असं एकदा मनाशी म्हणाल्यासारखं त्यांनी केलं, माझ्या काखेकडे बघितलं आणि मग समोर रस्त्याकडे बघत राहिले. ड्रायव्हरला त्यांनी हातानंच जीप वळवायला सांगितली. ऑफिसात मात्र ड्रायव्हरनं गळवाची बातमी आधीच पोचवली होती. शिपायानं हळदीचं पोटीस करून आणलं. मला पुढचे कितीतरी दिवस हात वर धरून फाइली लिहाव्या लागल्या.

त्या वेळी काही झालं नाही. नंतरच्या वेळीही नाही. असं झालं की आपा आमच्यावर रागवायच्या नाहीत, पोरांवर रागवायच्या. "नालायक हायत. वर आणून सोडलं, दार दाखवलं, तरी आत जायला काय झालं." मग ड्रॉवरमधून भाजलेल्या शेंगा काढून शशीच्या ओंजळीत घालायच्या, स्वतः फोलपटं काढत बसायच्या. एकदा शशी शेंगा हातात तशाच धरून रडायला लागली. आपा उठून तिच्या शेजारी बसल्या. मला वाटलं, आता त्या धीर देतील, होईल म्हणतील. त्या म्हणाल्या, "बेटा, धुणं माझ्या हातात हाय. पुढचं माझ्या हातात न्हाई. अजून काही महिने करू. न्हाई झालं तर मीच तुला बस म्हणेन. तुझा जीव थकवून मला पोरगं नको." इतर डॉक्टर आणि बुवा-वैदू आम्हाला नुसती आशा देत आले होते. आपांनी बस म्हणायचं वचन दिलं, आणि त्या दिवशी शशी पहिल्यांदा पोटभर जेवली.

माझ्या आईला यातलं काही माहीत नव्हतं. लातूरला डॉक्टर धुऊन देतात, एवढं माझ्या तोंडून निसटलं होतं. काय धुतात, तर मी म्हणालो, रक्त. आईनं त्याचा विचार केला आणि तिच्या लक्षात आलं की लातुरात प्यायलाच पाणी नाही, मग ही डॉक्टरीण धुवायली कशानं. एका सकाळी आम्ही दवाखान्याच्या बाकावर बसलो असताना रिक्षा थांबली आणि आई उतरली. मुरुडहून एसटीनं दोन मोठे कॅन घेऊन आली होती.

"डॉक्टरीणबाई, पानी आणलंय. आमच्या शेजारच्या हिरीचं हाय, गोड हाय. चांगलं रगडून धुवा. पान्याकडं बघू नका."

आपांनी कॅनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आजी, मी काय धुते ते सांगितलं का ल्येकानं?"

मी आईच्या पाठीमागून मान हलवली, हात हलवले. पण आपांना जसं हळू बोलता येत नव्हतं, तसे इशारेही समजत नव्हते. त्यांनी आईला स्टुलावर बसवलं आणि सगळं सांगितलं. काय धुतात, का धुतात, कुणाचं धुतात. पोरं, जत्रा, वळवळ, सगळं. "खोट तुमच्या सुनंत न्हाई आजी. तुमच्या ल्येकात हाय."

बाक गच्च भरला होता. आई माझ्याकडे बघत राहिली. कितीतरी वेळ बघितलं तिनं, जणू मला पहिल्यांदाच बघते आहे. मग आपांना म्हणाली, "याचा बापबी असाच हुता. बाजंवर पडला की उठायचं नाव न्हाई."

सगळा दवाखाना हसला. आपांचं हसणं तर गिरणीच्या आवाजाच्या वर गेलं. आईच्या पाण्याचा त्यांनी सगळ्यांना चहा केला, आणि दुष्काळात असा गोड पाण्याचा चहा मिळाला म्हणून बाकावरच्या अनोळखी माणसांनी आईला हात जोडले. आईनं आपला चहा आधी शशीच्या हातात दिला. "तू पी," एवढंच म्हणाली. शशीची माफी तिनं तेव्हाही मागितली नाही आणि पुढेही कधी मागितली नाही. पण परत जाताना एसटीत मुरुडच्या ज्या ज्या बाया भेटल्या, त्यांना तिनं खोट कुणात आहे ते सांगितलं. सुनेची बदनामी जेवढ्या जोमानं केली होती तेवढ्याच जोमानं माझी केली. पुढच्या वेळी मी गावी गेलो तर न्हाव्यानं माझी दाढी करता करता विचारलं, "मग, पोरं उठली का?"

आता विजेचं सांगतो. धरणात पाणी नाही म्हणून विजेचीही बोंब. त्या दिवशी माझी नळी धुवायला घेतली आणि यंत्र घरघरत थांबलं. दिवे गेले. नमुना तसाच ठेवून चालत नाही. आपांनी कपाटाच्या खालून एक जुनं हातयंत्र ओढून काढलं, लोखंडी, टेबलाला चावीनं आवळायचं, बाजूला दांडा. एका खाचेत माझी नळी घातली, समोरच्या खाचेत तोल राहावा म्हणून तेवढ्याच वजनाची पाण्याची नळी. आणि मला म्हणाल्या, "फिरव. एका चालीत. तुझीच पोरं हायत, दुसऱ्यानं का फिरवावं."

मी फिरवायला लागलो. सोपं नव्हतं. हळू केलं तर आपा ओरडायच्या, "जातं न्हाई ओढायचं." जोरात केलं तर, "गुऱ्हाळ न्हाई घातलं." हात भरून आला तेव्हा त्यांनी दारात जाऊन बाकाला हाक दिली, "कुणी दमदार माणूस हाय का? वाघमारे थकला."

एक माणूस उठून आत आला. आमचे साहेब.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. त्यांचा उजवा हात अंगाशी घट्ट धरलेला होता.

"गळू का साहेब?" मी विचारलं.

"हो," साहेब म्हणाले.

आपांनी त्यांना पुन्हा उंबऱ्याबाहेर ढकललं. "बाटली बाहेर. आधी बायकोजवळ दे, मग ये. आन् नाव सांग." साहेबांनी नाव सांगितलं, अगदी मंत्र म्हटल्यासारखं स्पष्ट, कारण शुद्ध बोलायची सवय. सगळ्या बाकाला ते कळलं. मग बाटली देऊन, बाह्या सरसावून ते आले आणि त्यांनी माझी नळी फिरवली. पुण्याकडच्या तालमीतला हात होता. एका चालीत, न थकता. नंतर त्यांच्या नळीच्या वेळी मी दांड्याला हात लावला. त्यानंतर टंचाई शाखेत मला कधी कुणी उशिरा आल्याबद्दल विचारलं नाही. दोघांपैकी एकजण हात अंगाशी धरून निघाला की दुसरा म्हणायचा, काळजी घ्या, चिरू नका.

धुऊन झालं तरी उबेची पेटी बंदच होती. आपांनी नळी रुमालात गुंडाळून शशीच्या हातात दिली. "पोटाशी धर. अशी तिरपी. हलू नको." शशी भिंतीला टेकून डोळे मिटून बसली. आपा तिच्या समोर बसल्या आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच काही बोलल्या नाहीत. नंतर त्यांनी आरशानं खिडकीतलं ऊन काचेवर पाडून एक थेंब बघितला. मी वाट बघत होतो, नालायक म्हणतील म्हणून. त्या म्हणाल्या, "आली रे. बऱ्यापैकी आली वर."

त्या खेपेला दिवस राहिले. आपांनी हे सांगितलं तेव्हा मी गिरणीत दळण घेत उभा होतो. त्यांनी दवाखान्याच्या पायरीवरून सांगितलं, त्यामुळे गिरणीवाल्यालाही माझ्याबरोबरच समजलं. आम्हाला मुलगी झाली. साहेबांना त्यानंतर मुलगा झाला, आणि त्यांची बदली झाली. आमच्या मुलीच्या बारशाला शशीनं गल्लीतल्या सगळ्या बायका बोलावल्या, ज्यांना मूल नव्हतं त्यांना आधी बोलावलं आणि पाळण्याची दोरी त्यांच्या हातात दिली.

सगळ्यात जास्त फरक आईत पडला. मुरुडला कुणाच्या सुनेचं नाव निघालं की ती काठी घेऊन त्या घरी जायची. "आधी पोराला तपासा." पोरगा नाही म्हणाला तर स्वतः त्याला एसटीत बसवून लातूरला आणायची, आणि दवाखान्याच्या बाकावर पळून जाऊ नये म्हणून त्याच्या शेजारी बसायची. आपा तिला बघितलं की म्हणायच्या, "आली माझी एजंट. आज कुणाला धरून आणलं?"

पुढे लातुरात मोठी हॉस्पिटलं झाली, थंडगार काचेची, जिथं सगळे हळू बोलतात. मिस्टर वारल्यावर आपांनी दवाखाना बंद केला आणि त्या नांदेडला भावाच्या घरी राहायला गेल्या. आमची मुलगी कॉलेजात गेली त्या वर्षी आम्ही तिला घेऊन भेटायला गेलो. आपा बारीक झाल्या होत्या. त्यांनी मुलीला उभी करून, वळायला लावून, नीट बघितलं आणि "बरी निघाली" म्हणाल्या. मग शशी आणि त्या आत बसून संध्याकाळपर्यंत बोलत होत्या. काय बोलल्या ते शशीनं मला अजून सांगितलेलं नाही.

आपा गेल्याचं कळलं तेव्हा आम्ही पहिली गाडी धरून नांदेडला गेलो. शशी घरात बायकांत बसली, मी पुरुषांबरोबर कब्रस्तानात गेलो. माती देऊन झाली आणि सगळे फाटकाशी आले. गर्दी खूप होती. आपांचा भाचा, भावाचा तरुण मुलगा, गोंधळून सगळ्यांकडे बघत होता. टोप्या होत्या, फेटे होते, पँटवाले होते, काहीजण उदगीर-देगलूरकडून आलेले दिसत होते, आणि कुणी कुणाला ओळखत नव्हतं. फाटकाजवळ एक लांब बाक होता, त्यावर आम्ही काहीजण टेकलो. भाचा माझ्याजवळ आला.

"तुम्ही फूफीचे कोण?"

असं कुणी विचारलं की मी आजवर, ओळखीचा, असं सांगत आलो होतो. त्या दिवशी ते तोंडाशी आलं नाही.

"पेशंट," मी म्हणालो. "मला मूल होत नव्हतं. आपांमुळे मुलगी झाली."

शेजारचा देगलूरचा शेतकरी म्हणाला, "मीबी त्यातलाच. दोन झाली." एक टोपीवाला म्हणाला, "हमकू एकच बेटा हुआ, पन लई शहाणा हाय." मग एकेकजण बोलायला लागला. पोरगी कितवीला आहे, पोराला कुठं नोकरी लागली, कुणाच्या जावयाचं गाव कुठलं. भाचा तोंड उघडं टाकून ऐकत होता. एवढे सगळे पुरुष एका जागी ही गोष्ट बोलताना मीसुद्धा कधी बघितले नव्हते.

फाटकाच्या खांबाला टेकून एक म्हातारे गृहस्थ उभे होते. ते काही बोलले नव्हते. देगलूरच्या माणसानं त्यांना विचारलं, "बाबा, तुमाला काय झालं?"

"आमाला न्हाई झालं," ते म्हणाले. "लई केलं बाईनी, पन न्हाई झालं."

ते खांबाची टेक सोडून एक पाऊल पुढे आले.

"पन माज्या मालकिणीला त्यांनी सांगितलं हुतं, तुजी चूक न्हाई म्हनून. गावासमोर, माज्या भावासमोर सांगितलं. ती जाईपत्तूर मान वर करून जगली. तिच्या वतीनं आलो."

आम्ही सरकलो आणि त्यांना बाकावर मधोमध जागा केली.